थांबविणे आणि पाहणे : सी२८एक्स संकेत-प्रक्रियकातील दोषशोधन-योजनेचे परीक्षण

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ह्या अमेरिकन कंपनीच्या सी२८एक्स ह्या संकेत-प्रक्रियकाच्या संदर्भग्रंथात इंटरप्ट, पाइपलाइन व आज्ञासंच ह्यांच्यामागून दोषशोधनाच्या सोयींविषयी एक स्वतंत्र प्रकरण येते. विद्यार्थी ते क्वचितच वाचतो. संगणकाच्या पडद्यावर ब्रेकपॉइंट कोठे टाकावयाचा हे त्याला ठाऊक असते, आणि त्यामागे सिलिकॉनमध्ये काय घडते हे न कळल्याने त्याचे काम काही काळ अडतही नाही. अडते तेव्हा मात्र एखादा ट्रान्झिस्टर जळालेला असतो. किंवा, त्याहून वाईट म्हणजे, पडद्यावरील आकड्यांवर विसंबून चुकीचा निष्कर्ष काढून झालेला असतो. ही योजना विचारपूर्वक केलेली आहे ह्यात संशय नाही. परंतु तिचे जे वर्णन रूढ झाले आहे, म्हणजे प्रक्रियकाच्या कामात कमीत कमी हस्तक्षेप करणारी योजना, ते अपुरे असून काही ठिकाणी दिशाभूल करणारे आहे. हस्तक्षेप किती लहान आहे ह्यापेक्षा तो नेमका केव्हा व किती झाला हे जाणता येते की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय; आणि त्याच कसोटीवर ही योजना तपासून पाहणे इष्ट आहे.

सामान्य संगणकाच्या आज्ञावलीत काळ हा बहुधा सोयीचा प्रश्न असतो. पगारपत्रक तयार करणारी आज्ञावली मध्येच थांबविली, तासाभराने पुन्हा चालू केली, तरी बेरजा बदलत नाहीत. संकेत-प्रक्रियकाची गोष्ट वेगळी आहे. तेथे ठराविक अंतराने नमुना येतो, त्यावर संस्कार होतो आणि पुढील नमुना येण्यापूर्वी उत्तर बाहेर पडावे लागते. उशिरा आलेले बरोबर उत्तर हे चूकच. एतावता काळ हा येथे आज्ञावलीच्या अर्थाचाच भाग आहे, आणि ती थांबवून तपासणे म्हणजे तिचा अर्थ काढून घेऊन उरलेले तपासणे. ठेका थांबवून तबलजीचे हात न्याहाळता येतील. लय मात्र हाती लागणार नाही.

दोषशोधनाची साधने मुळात ह्या गरजेतून निर्माण झाली नाहीत, ही गोष्ट इतिहासावरून ध्यानात येते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८२ साली टीएमएस३२०१० जाहीर केला त्या काळात दोषशोधनासाठी प्रक्रियक खोबणीतून काढून त्या जागी एम्युलेटरची तार बसवीत असत. घड्याळाचा वेग वाढला, स्मृती प्रक्रियकाच्या पोटात गेली, आणि बाहेरून बसवर कान लावून आतील हालचाल ऐकणे अशक्य झाले. तेव्हा ऐकण्याची सोय आतच करणे भाग पडले. मोटोरोला कंपनीच्या डीएसपी५६००० घराण्यात 'ऑनसीई' नावाने अशी सोय आली. पुढे १९९० साली आयईईई ११४९.१ हे मानक प्रसिद्ध झाले, आणि तेच सर्वांचे प्रवेशद्वार बनले. मात्र १९८५ साली स्थापन झालेल्या ज्या गटामुळे ह्या मानकाला जेटॅग हे नाव पडले, त्या गटापुढील प्रश्न फलकावरील डाखजोड नीट बसले आहेत की नाहीत हे तपासण्याचा होता. म्हणजे आजचे दोषशोधन हे दुसऱ्याच्या घरातील भाडेकरू आहे. एकामागून एक बिट सरकविणारी ही अरुंद वाट चालत्या प्रक्रियकाला सतत न्याहाळण्यासाठी आखलेलीच नव्हती.

सी२८एक्सचा मुख्य उपयोग विद्युत्-चलित्रे आणि शक्ति-परिवर्तक ह्यांच्या नियंत्रणात होतो. तेथे थांबविण्याचा परिणाम आकड्यांत काय होतो ते पाहण्यासारखे आहे. प्रक्रियक १५० मेगाहर्ट्झ वेगाने चालतो आणि इन्व्हर्टरची स्विचिंग-आवर्तने सेकंदाला १०,००० आहेत असे धरल्यास, प्रत्येक आवर्तनात प्रक्रियकाला १५,००० चक्रे मिळतात. संशोधकाने पडद्याकडे एक सेकंद पाहिले तरी तेवढ्यात १०,००० आवर्तने निघून जातात. त्या काळात विद्युत्प्रवाह वाट पाहत नाही. प्रक्रियक थांबताच पल्स निर्माण करणारा गणकही गोठला, आणि त्या क्षणी एका फेजचा वरचा व दुसऱ्या फेजचा खालचा स्विच चालू असला, तर संपूर्ण डीसी दाब गुंडाळ्यांवर येऊन पडतो. २३० व्होल्टांच्या पुरवठ्यापासून मिळणारा हा दाब सुमारे ३२५ व्होल्ट आणि वाटेतील एकूण प्रेरकत्व १० मिलिहेन्री धरल्यास, मोटर स्थिर असता व रोध हिशेबात न घेता, प्रवाह दर मिलिसेकंदाला ३२.५ अँपिअर इतका वाढतो. १० अँपिअरचा इन्व्हर्टर त्यात किती टिकेल हे सांगावयास नको. गणक मोकळा चालू ठेवला तर हा धोका सौम्य होतो, परंतु मग स्विच शेवटच्याच प्रमाणाने उघडत-मिटत राहतात व मोटरीला नियंत्रणाविना एकच ठराविक दाब मिळत राहतो. ह्या दोहोंतून निवड करण्यासाठी पल्स-घटकाच्या रजिस्टरात 'फ्री' व 'सॉफ्ट' असे बिट दिलेले आहेत. नंतरच्या पिकोलो मालिकेत तर दोषशोधकाने प्रक्रियक थांबविला ही घटनाच 'ट्रिप' म्हणून वापरून सर्व स्विच सुरक्षित अवस्थेत नेण्याची सोय झाली. थांबविणे हा स्वतःच एक अपघात मानावा लागतो, ह्याची ही निर्मात्यांनी दिलेली कबुलीच म्हणावयास हवी.

ह्यावर सी२८एक्सने काढलेला तोडगा मोठा कल्पक आहे. आज्ञावलीचे दोन भाग कल्पिले आहेत. जो भाग थांबविला तरी चालेल तो पार्श्वभागातील; आणि ज्या इंटरप्टांची सेवा कोणत्याही परिस्थितीत वेळेवर झालीच पाहिजे त्यांचा भाग अग्रभागातील. विराम-पद्धतीत थांबण्याची घटना घडली की सर्वच थांबते व इंटरप्टकडे दुर्लक्ष होते. वास्तवकाल-पद्धतीत मात्र पार्श्वभाग थांबलेला असतानाही वेळेला बांधलेल्या इंटरप्टांची सेवा चालू राहते. कोणते इंटरप्ट असे मानावयाचे हे डीबीजीआयईआर नावाच्या रजिस्टरात आज्ञावलीकाराने नोंदवावयाचे असते. मोटर फिरत राहते, प्रवाहाचे नियमन चालू राहते, आणि संशोधक थांबलेला पार्श्वभाग सावकाश तपासू शकतो. वेळेला काय बांधलेले आहे हे यंत्राने न ठरविता आज्ञावलीकाराच्या विवेकावर सोपविले, हा ह्या योजनेचा खरा गुण होय.

तथापि येथेच पहिली अडचण उपस्थित होते. इंटरप्टची सेवा सुरू होताच प्रक्रियक स्टेटस रजिस्टरातील डीबीजीएम हा बिट आपोआप उभा करतो. तो उभा असेपर्यंत वास्तवकाल-पद्धतीत थांबण्याच्या विनंत्या मानल्या जात नाहीत आणि बाहेरून होणारे सामान्य वाचनही अडविले जाते. संरक्षणाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. वेळेला बांधलेल्या कामात कोणी चुकूनही अडथळा आणू नये. पण नियंत्रकाचा खरा प्राण कोठे असतो? प्रवाहाचे मापन, निर्देशांकांचे रूपांतर, नियामकाची बेरीज-वजाबाकी, हे सारे त्या सेवेतच घडते. पार्श्वभागात उरतात ते संदेशवहन, दिवे आणि कळफलक. थोडक्यात, ही योजना दिवाणखान्यात लख्ख प्रकाश पाडते आणि चूल जेथे पेटलेली आहे तेथे अंधार ठेवते. सेवेच्या आरंभी डीबीजीएम खाली उतरवून हा अंधार दूर करता येतो. परंतु तसे केल्यावर तेथे ब्रेकपॉइंट लागला की आपण पुन्हा जळालेल्या ट्रान्झिस्टरांपाशी येतो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म असून तिचा उच्चार क्वचितच होतो. एरवी इंटरप्ट स्वीकारला जाण्यासाठी सार्वत्रिक मुभा देणारा आयएनटीएम हा बिट आणि त्या त्या इंटरप्टचा आयईआरमधील बिट, दोन्ही अनुकूल असावे लागतात. वास्तवकाल-पद्धतीत प्रक्रियक थांबलेला असताना मात्र आयईआर आणि डीबीजीआयईआर हे दोनच पाहिले जातात. आयएनटीएम विचारात घेतला जात नाही. आता एखाद्या आज्ञावलीकाराने पार्श्वभागात, सामायिक माहिती बदलताना कोणी मध्ये येऊ नये म्हणून, आयएनटीएम उभा करून चार ओळी लिहिल्या आहेत असे समजावे. त्या चार ओळींच्या मध्यावर संशोधकाने थांबविले, तर जो इंटरप्ट तेथे कधीच येऊ शकला नसता तो आता येतो, आणि अर्धवट बदललेली माहिती वाचून काम करतो. दोष शोधण्याच्या कृतीनेच नवा दोष जन्माला घातला. उपाय सोपा आहे: आयएनटीएमबरोबर डीबीजीएमही उभा करावा, म्हणजे थांबण्याची विनंती तो नाजूक भाग संपेपर्यंत ताटकळत राहील. दोन्ही बिट एकाच आज्ञेने उभे करता येतात. परंतु ही दोन बिटांची जोडी कशासाठी आहे हे समजल्याविना नमुना-आज्ञावलींतील 'ईआयएनटी' आणि 'ईआरटीएम' ह्या दोन ओळी मंत्राप्रमाणे उतरवून घेण्याची जी प्रथा पडली आहे, ती पाहता हा उपाय कितीजण जाणतेपणी योजत असतील ह्याची शंका येते.

थांबविण्याचा विचार इतका पुरे. न थांबविता पाहण्यासाठी सी२८एक्समध्ये जी यंत्रणा आहे तिला डीटी-डीएमए म्हणतात. प्रक्रियकाच्या मदतीशिवाय ती थेट स्मृती वाचते. तिच्या दोन रीती आहेत. एका रीतीत ती बसवर मोकळी फट पडण्याची वाट पाहते; उडीची आज्ञा आल्यावर नव्या आज्ञा येईपर्यंत प्रक्रियक रिकामा असतो, अशा वेळी ती आपले काम उरकून घेते. दुसऱ्या रीतीत ती फट बळेच पाडते. शिवाय डीबीजीएमचा मान राखणारे वाचन ते 'सभ्य' आणि न राखणारे ते 'उद्धट', असाही एक भेद केलेला आहे. निर्जीव यंत्राच्या परिभाषेत ही विशेषणे प्रथम गमतीची वाटतात, परंतु ती नेमकी आहेत.

पहिल्या रीतीचे मोठे कौतुक होते, कारण प्रतीक्षा-चक्रे नसलेल्या स्मृतीच्या बाबतीत तिला प्रक्रियकाचे एकही चक्र लागत नाही. हस्तक्षेप शून्य! पण फट केव्हा पडेल? सी२८एक्समध्ये आज्ञा व माहिती वाचण्याच्या बस वेगळ्या आहेत, आणि पुनरावृत्तीने चालणारी गुणाकार-बेरजेची आज्ञा एका संख्येसाठी एक व दुसरीसाठी दुसरी अशा दोन्ही बस प्रत्येक चक्रात गुंतवून ठेवते. संकेत-संस्काराचा गाभा तोच. म्हणजे जेथे पाहण्याची उत्सुकता सर्वाधिक, तेथे फट सर्वांत दुर्मिळ. वाचनाचा क्षण निरीक्षक ठरवीत नाही, प्रक्रियकाची सवड ठरविते. आणि तो क्षण कोणता होता हे मागाहून कळण्याचा मार्ग नाही.

ह्याचे परिणाम केवळ तात्त्विक नाहीत. तीन फेजच्या संतुलित मोटरीत तिन्ही प्रवाहांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य असते. समजा, प्रवाह ५० हर्ट्झचा व शिखरमूल्य १० अँपिअर आहे. आणि पडद्यावरील तीन चलांचे वाचन एकामागून एक, ५ मिलिसेकंदांच्या अंतराने झाले. पहिला प्रवाह शिखरावर असताना वाचला तर १० अँपिअर मिळतात. त्या क्षणी उरलेले दोन्ही उणे ५ असतात, पण दुसऱ्याचे वाचन होईपर्यंत पाव आवर्तन सरलेले असते व तो ८.६६ भरतो, तिसऱ्यापर्यंत आणखी पाव आवर्तन जाऊन तो अधिक ५ दिसतो. बेरीज २३.६६ अँपिअर! नवशिका संशोधक संवेदक बदलतो, मापन-परिपथातील विस्थापन शोधीत बसतो, जमिनीकडे गळती होत असावी अशी शंका घेतो. वस्तुतः दोष कोठेही नाही. तिन्ही वाचने खरी आहेत. ती एकाच क्षणाची आहेत हा पडद्याने दिलेला आभास तेवढा खोटा. आणि हस्तक्षेप? तो तर शून्यच होता. कमीत कमी हस्तक्षेप ही कसोटी किती अपुरी आहे हे ह्याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण मिळणे कठीण.

उलट, इंटरप्टच्या सेवेतच तिन्ही प्रवाह एका राखीव तक्त्यात उतरवून ठेवले, आणि तक्ता भरल्यावर तो सवडीने वाचला, तर काय होते? काही चक्रे खर्च होतात. १५,००० मधील वीस-पंचवीस म्हणू. हा हस्तक्षेप शून्य नाही. परंतु तो प्रत्येक आवर्तनात त्याच जागी होतो, आज्ञा मोजून त्याची किंमत काढता येते, आणि अंतिम उत्पादनातही तो तसाच ठेवला तर तपासलेली आज्ञावली व विकलेली आज्ञावली ह्यांत फरक राहत नाही. ज्ञात किंमतीचा हस्तक्षेप हा अज्ञात वेळच्या शून्य हस्तक्षेपापेक्षा श्रेयस्कर मानला पाहिजे. सी२८एक्सच्या निर्मात्यांना ही गरज जाणवली नव्हती असे नाही. माहिती-नोंदीसाठी डीएलओजीआयएनटी हा स्वतंत्र इंटरप्ट त्यांनी ठेवलेला आहे. पण योजनेचा आणि तिच्या प्रचाराचा भर त्यावर पडला नाही, तो पडला पडद्यावर हलणाऱ्या आकड्यांवर.

ब्रेकपॉइंट आणि वॉचपॉइंट ह्यांविषयी फार लिहिण्याची जरुरी नाही. आज्ञावली रॅममध्ये असेल तर आज्ञेच्या जागी ईएसटीओपी०ही आज्ञा बसवून हवे तितके विराम घालता येतात; फ्लॅशमध्ये असेल तर यंत्रातील दोन विश्लेषण-घटकांवरच भागवावे लागते. दोन ही संख्या तुटपुंजी आहे. शिवाय पाइपलाइन आठ टप्प्यांची असून लेखन शेवटच्या टप्प्यात होते. तेव्हा एखाद्या चलावर लेखन झाल्याचे ओळखून प्रक्रियक थांबेपर्यंत पुढील काही आज्ञा पार पडलेल्या असतात, आणि पडद्यावर खुणावलेली ओळ ही अपराध्याची नसून त्याच्या शेजाऱ्याची असते.

तुलनेसाठी ॲनालॉग डिव्हायसेस आणि इंटेल ह्यांनी मिळून आखलेल्या रचनेवर आधारलेला ब्लॅकफिन प्रक्रियक पाहावा. तेथे थांबविण्याऐवजी स्मरणावर भर दिलेला आढळतो. आज्ञाक्रमात झालेल्या शेवटच्या १६ वळणांची, कोठून कोठे गेला अशी जोडीजोडीने, नोंद यंत्रच ठेवते. तक्ता भरला की अपवाद-घटना उठवून ती नोंद स्मृतीत हलविण्याचीही मुभा आहे. यंत्राने स्वतः चालविलेल्या लूपमधील उलट्या वळणांची नोंद मात्र होत नाही, आणि हा निर्णय मार्मिक आहे. गाळणीच्या आज्ञावलीत तेच वळण शेकडो वेळा घेतले जाते. त्याची नोंद ठेवली असती तर सोळाही जागा एकाच वाक्याच्या प्रतिध्वनीने भरून गेल्या असत्या. अनपेक्षित ठिकाणी पोचलेला प्रक्रियक तेथे कसा आला हे ह्या नोंदीवरून उत्तम कळते. पण वळण केव्हा घेतले हे तीत नाही. क्रम आहे, काळ नाही. आणि सुरुवातीस म्हटल्याप्रमाणे संकेत-प्रक्रियकाच्या बाबतीत काळाशिवायचा क्रम ही अर्धी साक्ष होय.

सी२८एक्सच्या घराण्यात ह्या उणिवांची दखल पुढे घेतली गेली. एफ२८००४एक्स ह्या मालिकेपासून आलेल्या 'इरॅड' नावाच्या घटकात बसवर नजर ठेवणारे आठ तुलनाकार आणि घटना किंवा चक्रे मोजणारे चार गणक आहेत. एका पत्त्यावर गणक सुरू करावा, दुसऱ्यावर थांबवावा, आणि मधल्या काळाचे सर्वांत मोठे मूल्य त्याने स्वतःच जपून ठेवावे, अशी मांडणी करता येते. एखादी इंटरप्ट-सेवा आठवडाभरात एकदाच वेळेबाहेर गेली तरी ती सापडते, आणि त्यासाठी मोटर एकदाही थांबवावी लागत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, ह्या घटकाची मालकी दोषशोधकाकडे असावी की चालू आज्ञावलीकडे, हे एका रजिस्टरात ठरविता येते. जेटॅगची तार काढून घेतल्यावर, यंत्र कारखान्यात बसविल्यावरही, आज्ञावली स्वतःच्या वेळेचा हिशेब ठेवू शकते. वर जी कसोटी घेतली तिला हा घटक सर्वांत जवळ येतो, कारण येथे निरीक्षणाचा क्षण पत्त्याने बांधलेला आहे, बसच्या सवडीने नव्हे.

मात्र इरॅड काळ मोजतो व घटना ओळखतो. तीन प्रवाह एकाच क्षणी टिपून ठेवण्याचे काम तो करीत नाही. ते अजूनही आज्ञावलीकारानेच इंटरप्ट-सेवेच्या आरंभी, आपल्या हाताने लिहावयाचे आहे. प्रयोगशाळेतील पहिल्या सत्रात ब्रेकपॉइंट टाकण्यास शिकविण्यापूर्वी ह्या चार ओळी लिहून घेतल्या, तर २३.६६ अँपिअरच्या त्या बेरजेपायी संवेदक बदलण्याची पाळी पुष्कळ विद्यार्थ्यांवर येणार नाही.